मोटारीची निगा कोणी राखावी?

मोटारगाडी किंवा स्कूटर घरी आली की थोड्याच महिन्यांत कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो. तिचे तेल बदलावयाचे, ब्रेक तपासावयाचे, टायर पाहावयाचे, ते कोठे आणि कोणाच्या हातून? मार्ग तीन आहेत. पहिला, ज्याच्याकडून गाडी घेतली त्या अधिकृत विक्रेत्याचे वर्कशॉप. दुसरा, बाहेरचे गॅरेज. यात गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे दुकान थाटून बसलेला मिस्त्री येतो, तशीच एकाच नावाने गावोगावी शाखा काढून चालणारी साखळी-दुकानेही येतात. तिसरा मार्ग म्हणजे घरच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी.

बहुतेक लोक या तिन्हींपैकी एक मार्ग एकदाच निवडतात आणि त्यालाच चिकटून राहतात. कोणी म्हणतो, कंपनीवाचून खात्री नाही. कोणी म्हणतो, कंपनीत बिल फुगते, आपला मिस्त्रीच बरा. तर कोणी सारे काही स्वतःच करू पाहतो. प्रश्न असा मांडला म्हणजे त्याचे उत्तर हमखास चुकते. कारण ‘गाडीची देखभाल’ हे एक काम नव्हे. ते वीस-पंचवीस निरनिराळ्या कामांचे गाठोडे आहे. टायरमधील हवा पाहणे आणि हवेच्या सुरक्षा-पिशवीचा, म्हणजे एअरबॅगचा, दोष शोधणे ही दोन्ही कामे देखभालीचीच. परंतु त्यांना लागणारी हत्यारे, ज्ञान आणि त्यांतील धोका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून आधी हे गाठोडे सोडावे आणि मग कोणते काम कोणाकडे द्यावयाचे ते ठरवावे, हाच शास्त्रीय मार्ग होय. ही विभागणी कोणत्या तत्त्वावर करावी याचे एक चांगले उदाहरण जबलपूर शहरात सापडते.

जबलपूरचे उदाहरण

जबलपूर येथे १९०४ साली तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना, म्हणजेच गन कॅरेज फॅक्टरी, स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात जर्मनीच्या ‘मान’ कंपनीशी झालेल्या करारान्वये सैन्यासाठी ‘शक्तिमान’ ट्रक बांधण्यास आरंभ झाला. पहिला ट्रक १९५९ साली बाहेर पडला. पुढे १९६९ साली केवळ वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तोच जबलपूरचा व्हेइकल फॅक्टरी हा कारखाना. जपानच्या निस्सान कंपनीच्या गाडीवर आधारलेली ‘जोंगा’ ही सैनिकी गाडी येथे १९९९ पर्यंत तयार होत असे. ‘जोंगा’ हे नावसुद्धा जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज आणि असेंब्ली या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेले आहे. २०२१ साली देशातील आयुध कारखान्यांची पुनर्रचना होऊन व्हेइकल फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या सरकारी कंपनीकडे गेली.

ही वाहने ज्या सैन्यासाठी बनत, त्या सैन्याला ती वाळवंटात, बर्फात आणि चिखलात वर्षानुवर्षे चालती ठेवावी लागतात. हे काम करणारे दल १९४३ साली उभारण्यात आले. आज त्यास ‘इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स’ असे म्हणतात. या दलाने दुरुस्तीच्या पायऱ्या पाडल्या आहेत. सर्वांत खालची पायरी स्वतः चालकाची. गाडी बाहेर काढण्यापूर्वी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर त्याने तेल, पाणी, हवा, दिवे, चाकांचे नट पाहावयाचे. त्यावरची पायरी पलटणीतील कारागिरांची; ते लहानसहान दुरुस्त्या जागच्या जागी करतात. त्याच्या मागे फिरते वा क्षेत्रीय वर्कशॉप असते. तेथे एखादा संपूर्ण भाग बदलला जातो. सर्वांत मागे बेस वर्कशॉप असते. तेथे इंजिन सुटे करून ते नव्याने जुळवितात.

या व्यवस्थेमागील तत्त्व साधे आहे. जे काम ज्या खालच्या पायरीवर नीट होऊ शकते ते तेथेच करावे. परंतु ज्याला वरच्या पायरीची हत्यारे व ज्ञान लागते ते खाली अडवून ठेवू नये. तेल पाहण्यासाठी गाडी बेस वर्कशॉपला पाठविणे जितके हास्यास्पद, तितकेच झाडाखाली बसून इंजिन उघडणे घातक. नागरिकाच्या गाडीलाही हेच तत्त्व लागू पडते. चालकाच्या जागी मालक, पलटणीच्या कारागिराच्या जागी गॅरेज आणि मागच्या वर्कशॉपच्या जागी अधिकृत विक्रेता असे समजले म्हणजे झाले.

तीन कसोट्या

एखादे काम कोणत्या पायरीचे, हे तीन प्रश्नांनी ठरते. एक, काम नीट झाले की नाही हे मालकाला डोळ्यांनी वा साध्या मापाने पारखता येते काय? दोन, त्यास कोणते हत्यार आणि किती सराव लागतो? तीन, काम चुकले तर काय होईल? गाडी नुसती बंद पडेल की माणसाचा जीव जाईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’, दुसऱ्याचे ‘थोडे’ आणि तिसऱ्याचे ‘फारसे काही नाही’ असे असेल ते काम खुशाल घरी करावे. उत्तरे जसजशी बदलतात तसतसे काम वरच्या पायरीवर जाते.

मालकाने स्वतः करावयाची कामे

टायरमधील हवेपासून आरंभ करू. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी चालविण्यापूर्वी, मोजावी. कारण बंद जागेतील वायूचा दाब तपमानाबरोबर वाढतो. समजा, तपमान ३० अंश असताना मापकावर दर चौरस इंचास ३३ पौंड दाब दिसला. मापक बाहेरच्या हवेचा सुमारे १५ पौंड दाब धरीत नाही. म्हणून टायरमधील खरा दाब ४८ पौंड होतो. निरपेक्ष मापनात ३० अंश म्हणजे ३०३ अंश केल्विन. हीच हवा जानेवारीतील १० अंशांच्या पहाटे मोजली, तर तपमान २० अंशांनी, म्हणजे सुमारे पंधराव्या हिश्शाने, उतरलेले असते. दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे तीन पौंडांहून किंचित अधिक, कमी दिसेल. टायरला कोठेही छिद्र नसताना ही घट होते. मे महिन्यात भरलेल्या हवेवर थंडीपर्यंत विसंबून राहणे का चुकीचे, हे यावरून कळेल. दाब किती असावा हे बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते.

टायरवरील खाचांची खोली हे दुसरे काम. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की टायर बदलावाच लागतो. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला म्हणजे मर्यादा संपली. पावसात खाचांतूनच पाणी बाजूला सारले जाते. खाच नसेल तर चाक रस्त्यावर न टेकता पाण्याच्या थरावर तरंगू लागते.

इंजिनाचे तेल गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, पट्टी पुसून पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ यासारखे अंक असतात. पहिला अंक थंड तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा, तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते सांगतो. कोणता अंक घालावयाचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराच्या शिफारशीवर सोडू नये.

थंड पाण्याची, म्हणजे कूलंटची, पातळी बाहेरच्या टाकीवर पाहावी. गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आत दाब असल्यामुळे तेथील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते एकदम उसळून अंगावर येते. दिवे, वायपर, बॅटरीच्या टोकांवर साचणारी पांढरी-हिरवी पूड, हवा गाळणाऱ्या जाळीतील धूळ हीदेखील घरचीच कामे होत. जबलपूरच्या उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल या दोहोंमुळे ती चुकवून चालत नाही.

या कामांत पैशांची बचत थोडी, पण दुसरा लाभ मोठा आहे. जो मालक दर आठवड्यास पाच मिनिटे गाडी पाहतो त्याला तेलाची पातळी उतरू लागली, एकच टायर एका कडेने झिजला, एखादा नवा आवाज आला, हे वेळेवर कळते. कोणत्याही वर्कशॉपला ते सहा महिन्यांतून एकदाच कळू शकते. अमेरिकेत १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी आली तेव्हा गावोगाव वर्कशॉप नव्हती. म्हणून तिच्या मालकांसाठी कंपनीने प्रश्नोत्तरांच्या रूपात पुस्तिका काढली होती. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका आजही मालकाची पहिली गुरू आहे. दुर्दैव एवढेच की ती बहुधा वेष्टनातून बाहेर येत नाही.

गॅरेजचे काम

तेल व गाळणी बदलणे, ब्रेकचे पॅड आणि क्लच बदलणे, चाकांची दिशा जुळविणे, टायरचा तोल साधणे ही कामे सराईत हात, गाडी उचलण्याची सोय आणि काही विशेष हत्यारे मागतात. ती चांगल्या गॅरेजात उत्तम होतात.

यांतील ब्रेकच्या द्रवाचे काम समजून घेण्याजोगे आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. पायाने दाबलेल्या ब्रेकचा जोर याच नियमाने चाकांपर्यंत जातो. परंतु हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर त्याच प्रतीची किमान मर्यादा १५५ अंश धरतात. जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरला जाताना कुरईचा घाट लागतो. अशा घाटात वारंवार ब्रेक दाबल्याने ते फार तापतात. द्रव जुना असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाक मात्र थांबत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या हा द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात. घाटातील उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाकडून वेग आवरणे हा चालकाचा भाग. द्रव बदलून नळ्यांतील हवा संपूर्ण काढणे हा कसलेल्या कारागिराचा.

दुसरे उदाहरण चाकाच्या नटांचे. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ४० किलो वजनाइतका जोर दिला तर नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर एवढा पीळ, म्हणजे टॉर्क, पडतो. लहान मोटारीस साधारण एवढाच पुरतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पान्यास नळी लावून लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने पीळही दुप्पट होतो, आणि बोल्ट ताणून कमजोर होतो. ज्या गॅरेजात शेवटचा पीळ मोजणाऱ्या टॉर्क-पान्याने देतात आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात, तेथील काम विश्वासाचे समजावे.

मग जुना मिस्त्री बरा की साखळी-दुकान? दोघांचे गुण वेगळे आहेत. मिस्त्री तोच राहतो, गाडीचा आवाज ओळखतो आणि जेथे भाग दुरुस्त होऊ शकतो तेथे तो बदलीत नाही. साखळी-दुकानात दर ठरलेले असतात, छापील बिल मिळते आणि चाके जुळविण्याची यंत्रे असतात. पण कारागीर बदलत राहतो. पाटीवरचे नाव मोठे की लहान यापेक्षा चार प्रश्न विचारणे बरे. काढलेला जुना भाग परत दाखविता काय? बिलावर भागाचे नाव आणि तेलाची प्रत लिहिता काय? काम हाती घेण्यापूर्वी खर्चाचा अंदाज देता काय? काम फसले तर ते पुन्हा विनामूल्य करता काय? या चारही प्रश्नांना ‘होय’ म्हणणारे दुकान, मग ते कोठलेही असो, चांगले.

अधिकृत वर्कशॉपचे काम

जोंगासारख्या जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बुरेटर करीत असे. तो पेचकसाने जुळविता येई. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा आज काही हौशी नागरिकांकडे आहेत. त्यांचे उत्पादन बंद होऊन पाव शतक लोटले. त्यांना विक्रेत्याचे वर्कशॉप नाही. मालकाचे हात आणि जुन्या मिस्त्रीचे ज्ञान यांवरच त्या चालतात. त्यांची रचना तशी असल्यामुळे ते शक्यही होते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. त्यानंतरच्या गाडीत इंधन, ठिणगी आणि धूर या सर्वांवर संगणकाचे नियंत्रण असते. दोष आढळला की तो संगणक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. साधे वाचनयंत्र हा क्रमांक दाखविते, आणि ते अनेक गॅरेजांतही असते. पण संगणकातील कार्यक्रम बदलणे, नवी चावी गाडीला ओळखवून देणे ही कामे कंपनीच्या उपकरणांवाचून सहसा होत नाहीत. एअरबॅग धडकेनंतर सेकंदाच्या काही सहस्रांशांत फुगते. तिच्यात स्फोटक द्रव्य असते. विजेच्या मोटारीतील मुख्य बॅटरीचा दाब बहुधा ३०० व्होल्टच्या वर असतो. तिच्या तारा मुद्दाम नारिंगी रंगाच्या ठेवतात. या दोहोंस मालकाने किंवा अप्रशिक्षित कारागिराने हात लावू नये. कंपनीने एखाद्या सदोष भागाबद्दल गाड्या परत बोलाविल्या असतील तर ते कामही अधिकृत वर्कशॉपमध्येच, विनामूल्य, करून घ्यावे. सी. एन. जी. वर चालणाऱ्या गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी तर मान्यताप्राप्त केंद्राचेच काम आहे.

हमी आणि मालकाचा हक्क

‘बाहेर हात लावलात तर हमी संपली’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. चौदा मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या कारागिरांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द करतात. ही वागणूक स्पर्धेस बाधक आहे, असे आयोगाने ठरविले आणि एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्यावर पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने माहितीचे संकेतस्थळही सुरू केले. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, ठराविक दुकानाचे वा ठराविक छापाचेच भाग विकत घेण्याची अट हमीला घालण्यास सामान्यतः मनाई केली.

याचा अर्थ हमीच्या काळात वाटेल ते करावे असा नव्हे. हमीपत्र प्रत्यक्ष वाचावे. कोणता भाग किती वर्षे वा किती किलोमीटर सांभाळला जाईल ते त्यात असते. पहिल्या काही सर्व्हिसिंगची मजुरी बहुधा माफ असते. ती सोडू नये. हमी संपल्यावर मात्र नेहमीची कामे विश्वासू गॅरेजकडे नेण्यास भिण्याचे कारण नाही.

घरी काम करताना घ्यावयाची काळजी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरला की माणूस दबतो. खाली मजबूत लोखंडी घोडे लावल्यावाचून ते काम हाती घेऊच नये. काढलेले जळके तेल गटारात ओतू नये. शहराचे नाले शेवटी नर्मदेच्या खोऱ्यातच जातात. असे तेल बंद डब्यात भरून, ते पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावे. ही सोय होत नसेल तर तेल बदलण्याचे काम घरी करू नये. तेल पाहण्याचे मात्र चुकवू नये.

शेवटी एक नोंदवही ठेवावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, घातलेला भाग, तेलाची प्रत आणि बिलाची रक्कम एवढ्या सहा रकान्यांची वही पुरते. सैन्याच्या वाहनाबरोबर नोंदपुस्तक फिरते ते याचसाठी. वाहन कोणत्याही पायरीवर गेले तरी त्याचा इतिहास त्याच्याबरोबर असतो. अशी वही असलेल्या मालकास तेच काम दोनदा केल्याचे बिल कोणी लावू शकत नाही. हमीचा वाद उठला तर तीच पुरावा होते. आणि गाडी विकताना तिची किंमतही राखते.

तात्पर्य, मोटारीची निगा तिघांनी मिळून राखावयाची असते. रोजची पाहणी मालकाची, झिजणाऱ्या भागांचे काम सराईत कारागिराचे आणि विशेष उपकरणांचे काम कंपनीचे. पहिल्या दोघांकडे काय सोपविले आहे हे माहीत असलेला मालकच तिसऱ्याचे बिल समजून देऊ शकतो.

अभ्यास

१. मापकावर ३० पौंड दाब दाखविणाऱ्या टायरचे तपमान २७ अंशांवरून ४७ अंशांवर गेले तर मापक सुमारे किती दाखवील? बाहेरच्या हवेचा दाब १५ पौंड धरा.

२. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याने ९० न्यूटन-मीटर पीळ देण्यास किती किलो वजनाइतका जोर लागेल?

३. घरातील वा शेजारच्या एखाद्या वाहनाची पुस्तिका मिळवा. तीत सांगितलेली देखभालीची कामे वहीत उतरवा आणि वर दिलेल्या तीन कसोट्या लावून प्रत्येकासमोर ‘मालक’, ‘गॅरेज’ किंवा ‘कंपनी’ असे लिहा. कोणत्या कामाबद्दल मतभेद झाला आणि का, याची वर्गात चर्चा करा.